नाद खुळा! डब्यात पिस्टन ओतणारा बर्ट मन्रो आणि 47 वर्षांनी दुरुस्त झालेली बेरीज

हुपरी (ता. हातकणंगले) : शेतीपंपाला रात्रपाळीची लाईट असली की मोटर चालू करून बांधावर बसून राहावं लागतं. झोपलं तर पाणी दुसऱ्याच्या रानात जातं. अशाच एका रात्री मोबाईलवर एक इंग्रजी सिनेमा बघितला. नाव वाचून वाटलं आपल्या भारताचं काहीतरी असणार, कारण नावाचा अर्थ जगातला सर्वात वेगवान इंडियन. बघतोय तर काय, त्यात भारताचा माणूस एकही नाही. इंडियन हे मोटारसायकलचं नाव. अमेरिकेतली जुनी कंपनी, जशी आपल्याकडं राजदूत, जावा, बुलेट. आणि ती गाडी पळवणारा न्यूझीलंडचा एक म्हातारा, बर्ट मन्रो.

सिनेमा 2005 सालचा. रॉजर डोनाल्डसन यांनी काढला, अँथनी हॉपकिन्स यांनी बर्टचं काम केलं. सिनेमात थोडं मीठमसाला असतंच, म्हणून नंतर बरंच वाचून काढलं. खरी गोष्ट सिनेमापेक्षा जास्त भारी निघाली. विशेष म्हणजे तिचा शेवट सिनेमा येऊन गेल्यावर नऊ वर्षांनी झाला, त्यामुळं तो सिनेमात नाहीच. आपल्या हुपरीच्या लोकांना ही गोष्ट सांगायलाच पाहिजे असं वाटलं. कारण हा गडी जे करत होता ते आपल्या गल्लीगल्लीत चालतं. भट्टी, मूस, साचा आणि रात्रभर जागरण.

शेतकऱ्याचा पोरगा

बर्टचं पूर्ण नाव हर्बर्ट जेम्स मन्रो. जन्म 25 मार्च 1899, न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला असलेल्या इनव्हरकारगिल शहरात. जुळं झालं होतं. बहीण जन्मताच गेली. हा पोरगाही दोन वर्षांच्या पुढं जगायचा नाही असं डॉक्टरांनी आईबापाला सांगितलं होतं, असं सांगतात. पोरगा जगला 78 वर्षं.

बापाची शेती होती एडनडेल नावाच्या गावात. लहानपणी घरच्या घोड्यांवर बसून जोरात पळवायची सवय. बापाला ते आवडायचं नाही. शेतीत याचं मन कधी रमलं नाही. आता हे वाचताना माझ्यासारख्याला जरा लागतं, पण खरं आहे ते आहे. मधल्या काळात ओटिरा नावाच्या मोठ्या रेल्वे बोगद्याच्या कामावर मजुरी केली. बापानं परत शेतावर बोलावलं. तो आला, पण पाय शेतात आणि डोकं इंजिनात असा प्रकार.

1920 साली, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यानं नवीकोरी इंडियन स्काउट विकत घेतली. 600 सीसी, दोन सिलेंडरचं इंजिन इंग्रजी व्ही अक्षरासारखं बसवलेलं. कंपनीतून आली तेव्हा गाडी जास्तीत जास्त ताशी 55 मैल पळायची, म्हणजे आपल्या भाषेत साधारण 88 किलोमीटर. आजकाल कॉलेजची पोरं हुपरी-कोल्हापूर रस्त्याला याच्यापेक्षा जोरात जातात (जाऊ नयेत, तो विषय वेगळा). पण 1920 साली हा वेग म्हणजे लई झाला.

ही एकच गाडी त्यानं आयुष्यभर ठेवली. आपल्याकडं माणूस दर पाच वर्षांनी गाडी बदलतो आणि जुनी एक्स्चेंजला देतो. यानं गाडी बदलली नाही, गाडीच्या आतलं सगळं बदललं. 1926 च्या सुमारास खोलायला सुरुवात केली आणि पुढं जवळपास पन्नास वर्षं ती कधी पूर्ण मिटलीच नाही म्हटलं तरी चालेल.

आटणी न्यूझीलंडची

इथं हुपरीच्या कारागिरांनी जरा लक्ष द्यावं.

आपल्याकडं चांदीची आटणी कशी होते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मूस भट्टीत लाल झाली, चांदीचा रस झाला, ओतला, पाट पाडला, मग पट्टी, तार, आणि शेवटी पैंजण. ओतताना रस थोडा गार झाला तर माल खराब, साच्यात ओल राहिली तर रस उडतो आणि हात भाजतो. हे कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. हात भाजून घेऊनच येतं.

बर्ट हेच करायचा, फक्त चांदीच्या जागी ॲल्युमिनियम. पिस्टन म्हणजे इंजिनाच्या आत वरखाली होणारा दट्ट्या. कंपनीचा पिस्टन त्याच्या वेगाला टिकायचा नाही. नवा आणायला पैसा नाही, आणि त्याला हवा तसा पिस्टन बाजारात मिळतही नव्हता. मग त्यानं जुन्या गाड्यांचे मोडके पिस्टन गोळा करायचे, वितळवायचे आणि पत्र्याच्या जुन्या डब्यांचा साचा करून ओतायचे. गार झालं की कानस घेऊन घासत बसायचं.

कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा, तो त्यानं ट्रॅक्टरच्या ॲक्सलच्या पोलादातून हातानं कोरून काढला. कॅटरपिलर कंपनीच्या ट्रॅक्टरचा ॲक्सल. आपण ॲक्सल मोडला की भंगारवाल्याला किलोवर देतो. यानं त्यातून रेसिंगचा दांडा काढला. सिलेंडर केले गॅसच्या जुन्या बिडाच्या पाईपातून. फ्लायव्हील स्वतःचं, कॅम स्वतःचे. इंजिनाची मूळची रचना अशी होती की व्हॉल्व्ह बाजूला होते. ते त्यानं डोक्यावर नेले, म्हणजे इंजिनाला श्वास मोकळा झाला. कंपनीतल्या इंजिनिअरांनी ड्रॉइंग काढून करायचं काम यानं एका शेडमध्ये केलं.

मापायला काय? मायक्रोमीटर घ्यायला परवडत नव्हता, म्हणून चाकाच्या जुन्या तारेपासून मापाचं हत्यार बनवलं. शिरोलीच्या नाहीतर इचलकरंजीच्या एखाद्या वर्कशॉपमधल्या टर्नरला हे सांगितलं तर तो हसेल. पण हसता हसता त्याला आपल्या उस्तादाची आठवण येईल. असे उस्ताद आपल्याकडंही होते, बोटाच्या पेरानं माप सांगणारे.

दिवसा बर्ट मोटारसायकली विकायच्या दुकानात नोकरी करायचा, रात्री शेडमध्ये गाडी. कित्येकदा रात्रभर काम करून तसाच सकाळी दुकानात हजर. मधे काही दिवस ऑस्ट्रेलियात जाऊन शर्यती मारल्या. मग 1930 च्या आसपासची जगभरची मंदी आली तसा परत घरी.

लग्न झालं होतं, चार मुलं होती. पण या नादापायी संसार काही टिकला नाही. नंतर तो एका शेडमध्येच राहायला लागला. तिथंच पलंग, तिथंच लेथ, तिथंच गाडी. या गोष्टीचं कौतुक करावं का नाही हे मला ठरवता येत नाही. जिच्या नवऱ्याची रात्र न रात्र एका लोखंडात गेली त्या बाईची बाजू कुठल्या सिनेमात येत नाही. आपल्याकडं बैलांच्या नादात, कुस्तीच्या नादात, तमाशाच्या नादात घरं बसलेली आपण बघितली आहेत. हे त्याच माळेतलं आहे एवढंच म्हणतो.

शेडमध्ये एक फळी होती. इंजिन फुटलं की मोडलेला पिस्टन, तुटलेला रॉड तो फेकायचा नाही, त्या फळीवर मांडायचा. वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य, अशा अर्थाची अक्षरं तिथं रंगवली होती. फळी भरून गेली होती. म्हणजे किती वेळा सगळं मातीत गेलं असेल याचा अंदाज करा.

समुद्राच्या वाळूवर

गाडी पळवायची कुठं? इनव्हरकारगिलजवळ ओरेटी नावाचा समुद्रकिनारा आहे. लांबच लांब, ओहोटी लागली की वाळू आवळून कडक होते. तिथं शर्यती व्हायच्या. 1938 पासून पुढं न्यूझीलंडचे बरेच विक्रम त्यानं आपल्या नावावर केले. 1957 साली याच किनाऱ्यावर त्यानं ताशी 131.38 मैल वेग गाठला, म्हणजे 211 किलोमीटरच्या वर. गाडी 37 वर्षांची, माणूस 58 वर्षांचा.

त्याच वर्षाची एक गंमत. त्याचं नाव तोवर इंग्रजीत ई अक्षरानं लिहायचे. अमेरिकेतल्या एका मासिकानं चुकून यू अक्षर छापलं. गड्यानं तक्रार केली नाही. उलट तेच स्पेलिंग कायमचं करून टाकलं. आपल्याकडं आधारकार्डावर नाव चुकलं तर सेतूला दहा हेलपाटे घालतो आपण. यानं चुकीलाच खरं केलं. ही चूक लक्षात ठेवा, कारण पुढं दुसरी एक चूक येणार आहे, आणि ती त्याच्या लक्षातच आली नाही.

मिठाचं मैदान

आता बॉनव्हिल काय आहे ते सांगतो. अमेरिकेत युटा नावाचं राज्य आहे. तिथं एके काळी अफाट मोठं तळं होतं. ते आटलं आणि खाली मीठ राहिलं. मैलच्या मैल पांढरंशुभ्र सपाट मीठ. पावसाळी-हिवाळी दिवसांत त्यावर पाणी साचतं, उन्हाळ्यात ते उडून जातं आणि वर मिठाचा थर कडक होऊन बसतो. ना झाड, ना दगड, ना वळण. वेग मोजायला याच्यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. 1935 साली इंग्लंडच्या माल्कम कॅम्पबेल यांनी इथंच मोटारीनं ताशी 300 मैलांचा टप्पा ओलांडला. 1947 ला जॉन कॉब यांनी 394 मैलांपर्यंत नेलं. ही सगळी मोठी माणसं. त्यांच्या मागं पैसा, विमानाची इंजिनं, मेकॅनिकांची फौज.

पण 1949 पासून तिथं दर ऑगस्टला आणखी एक जत्रा भरते. हौशी लोकांची. गॅरेजवाले, वेल्डर, शेतकरी, पेन्शनर, ज्यांनी घरी बनवलेली गाडी आहे ते येतात. बक्षिसाची थैली नाही. आपल्याकडं निदान शर्यतीला ढाल आणि रोख रक्कम असते, बुलेट नाहीतर ट्रॅक्टर लावतात. तिथं मिळतं काय, तर वहीत नाव. तुमच्या गटात, म्हणजे इंजिन किती सीसीचं, गाडीला कवच आहे की नाही, इंधन कुठलं, या हिशेबानं पाडलेल्या गटात तुम्ही सर्वात वेगवान होता अशी एक ओळ. त्या एका ओळीसाठी लोक वर्षभर पोटाला चिमटा काढतात.

नियम मात्र कडक. एकदा पळून चालत नाही. एका दिशेनं पळायचं, मग परत उलट्या दिशेनं पळायचं, आणि दोन्ही वेगांची सरासरी काढायची. कारण वारा पाठीमागून असला तर जाताना फायदा होतो, येताना तोच वारा छातीवर. बैलगाडीच्या आरत-परत शर्यती बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. नुसतं जाण्यात मर्दुमकी नाही, परत येण्यात आहे. फरक एवढाच की तिथं झेंडा पंच नाही, जमिनीवर आखलेल्या एका मैलाच्या दोन्ही टोकांना वेळ मोजायची यंत्रं असतात.

बर्टनं पहिल्यांदा तिथं जाऊन नुसतं बघून घेतलं. मग 1962 साली गाडी जहाजावर घातली आणि निघाला. वय 63. हृदयाचा त्रास सुरू झालेला होता. सिनेमात दाखवलंय की नाव आधी नोंदवायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं, आणि त्याची गाडी बघून तपासणारे लोक चाटच पडले. सिनेमातलं सिनेमात राहू द्या, पण गाडी 42 वर्षांची आणि घरी ओतलेल्या पिस्टनची होती हे काही खोटं नाही.

तोवर त्यानं गाडीला माशासारखं निमुळतं कवच केलं होतं, वारा कापायला. आत माणूस पोटावर पालथा झोपल्यासारखा. इंजिन 600 चं वाढवत वाढवत 850 सीसीपर्यंत नेलं होतं. त्या वर्षी त्यानं 883 सीसीच्या आतल्या गटात विक्रम केला. ताशी जवळपास 179 मैल, म्हणजे 288 किलोमीटर. कंपनीनं जी गाडी 88 नं पळेल म्हणून विकली ती 288 नं पळाली. वरचे 200 किलोमीटर त्या पत्र्याच्या डब्यांतून आले.

त्यानंतर तो जातच राहिला. एकूण नऊ वेळा त्या मिठावर पळाला. 1966 ला आणखी एक विक्रम, 168 मैलांचा.

1967 चा ऑगस्ट

आणि मग ते वर्ष. बर्ट 68 वर्षांचा, गाडी 47 वर्षांची, इंजिन आता 950 सीसी. गट 1000 सीसीच्या आतला.

पात्रता फेरीत एका दिशेनं तो ताशी 190.07 मैल पळाला, म्हणजे जवळपास 306 किलोमीटर. इंडियन कंपनीच्या मोटारसायकलवर अधिकृतपणे मोजला गेलेला तोवरचा तो सर्वात मोठा वेग. त्याच्याही पुढं 205 मैलांचा एक आकडा सांगतात. तो अधिकृत नाही, कारण त्या वेळी गाडी पडली आणि परतीची फेरी झालीच नाही. परतीची फेरी नाही तर वहीत नाव नाही.

त्या 1967 च्या पडण्याबद्दल त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. मी माझ्या शब्दांत सांगतो. अर्धं अंतर गेल्यावर गाडी सापासारखी वळवळायला लागली. वेग कमी करावा म्हणून तो कवचातून जरा वर उठला, तर वाऱ्यानं डोळ्यावरचा गॉगल उपटून नेला. वारा असा की बुबुळं आत खोबणीत दाबली गेली आणि दिसायचं बंद. रस्ता दाखवणाऱ्या काळ्या रेघेपासून इतका बाजूला गेला की लोखंडी खुंटाला धडकायचं थोडक्यात वाचलं. शेवटी त्यानं गाडी मुद्दाम आडवी पाडली. थोडंफार खरचटलं, पण उठला. अडुसष्टाव्या वर्षी! आमच्याकडं या वयाचा माणूस बांधावरून घसरला तरी पोरं त्याला शेतात जाऊ देत नाहीत.

विक्रमाच्या दोन फेऱ्या झाल्या. एकीचा वेग 184.710 मैल, दुसरीचा 183.463 मैल. म्हणजे आखलेला मैल साधारण साडेएकोणीस सेकंदांत. सरासरी काढून वहीत लिहिलं गेलं 183.586 मैल. किलोमीटरमध्ये 295.45. त्याच्या गटातला हा विक्रम आजही मोडलेला नाही.

आता मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडा. 184.710 आणि 183.463 मिळवा, दोननं भागा. किती आलं?

184.087 च्या आसपास येतं. 183.586 येत नाही.

चौथीतल्या पोराचं गणित आहे हे. पण 1967 साली कुणीतरी कागदावर चुकलं, आणि नंतर कुणी परत बघितलंच नाही. बर्टनं बघितलं नाही, अधिकाऱ्यांनी नाही, पुस्तकं लिहिणाऱ्यांनी नाही. सिनेमा निघाला, गाजला, लाखो लोकांनी बघितला, आणि चुकलेला आकडा तसाच पुढं चालत राहिला. एकदा छापलेला आकडा लोक देवाच्या मूर्तीसारखा मानतात, उचलून खाली काय आहे ते कुणी बघत नाही. आम्ही बातम्या लिहिणारेही त्यातलेच, हे कबूल करतो.

तिथून पुढं

बर्ट नंतरही काही वर्षं जात राहिला. 1971 साली डोनाल्डसन यांनी त्याच्यावर एक माहितीपट केला होता, सिनेमाच्या कितीतरी आधी. म्हणजे ज्या माणसानं सिनेमा काढला त्यानं म्हाताऱ्याला जिवंतपणी जवळून बघितलेलं होतं.

पुढं बर्टला झटका आला आणि हातापायाची पकड कमी झाली. गाडी आता आपल्याच्यानं होणार नाही हे कळलं. तेव्हा त्यानं दोन्ही गाड्या, ती इंडियन आणि त्याची दुसरी लाडकी वेलोसेट, बाहेरच्या कुणा श्रीमंताला विकल्या नाहीत. आपल्या भागातच राहाव्यात म्हणून इनव्हरकारगिलमधल्या हार्डवेअर दुकानदार नॉर्मन हेस यांना दिल्या. 6 जानेवारी 1978 ला तो गेला.

हा नाद करून त्याला हयातीत काय मिळालं हे बघायला गेलं तर पैसा नाहीच. त्याच्या गावाकडं लोक त्याला ओळखायचे, काही जण हसायचेही असतील. अमेरिकेत त्या मिठावर जमणाऱ्या लोकांत त्याला मोठा मान होता. पण जगाला नाव कळलं ते मेल्यावर 27 वर्षांनी, सिनेमामुळं. 2006 साली अमेरिकन मोटारसायकल संघटनेनं त्याला आपल्या मानाच्या यादीत घेतलं. त्याच साली त्याच्या भागात त्याच्या नावानं मोटारसायकल शर्यतींची मोठी स्पर्धा सुरू झाली.

पावत्या जपणारं पोरगं

आणि आता 2014. बर्टचा मुलगा जॉन मन्रो, तोही तोवर म्हातारा झालेला. त्याच्या लक्षात आलं की वडिलांच्या दोन फेऱ्यांची सरासरी जुळत नाही. त्यानं अमेरिकन संघटनेला कळवलं. संघटनेनं जुने कागद काढले, हिशेब केला आणि चूक मान्य केली. विक्रम दुरुस्त झाला, ताशी 184.087 मैल, म्हणजे 296.26 किलोमीटर. गाडी घेतल्यापासून विक्रमापर्यंत 47 वर्षं, आणि विक्रमापासून बेरीज सुधारेपर्यंत बरोबर परत 47 वर्षं. माणूस जाऊन 36 वर्षं झालेली.

फरक किती? अर्धा मैल. किलोमीटरमध्ये 0.8. त्यानं कुणाचं काही अडलं नव्हतं. विक्रम तसाही बर्टचाच होता, दुसरा कुणी मधे नव्हता. मग एवढी खटपट कशाला, असं कुणीही विचारेल. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं.

मग मला माझीच एक गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडं सोयाबीन घातलं. पट्टी आली, पैसे आले, मी पट्टी खिशात घातली. घरी थोरल्या पोरानं वजनाच्या चिठ्ठ्या एकाखाली एक लिहिल्या आणि बेरीज केली, तर एक पोतं कमी. मी म्हटलं जाऊ दे, एका पोत्यानं काय होतंय, परत तोंड दाखवायचंय तिथं. पोरगं ऐकेना. चिठ्ठ्या घेऊन गेलं आणि बेरीज सुधारून घेऊन आलं. व्यापाऱ्यानंही मुद्दाम केलं नव्हतं, गडबडीत राहिलं होतं. पैसे थोडेच मिळाले. पण त्या पोत्यामागं जूनमध्ये पाऊस नसताना केलेली दुबार पेरणी होती, ती मला माहीत होती आणि बहुतेक पोरालाही माहीत होती.

जॉनचं तसंच असणार असं मला वाटतं. त्या अर्ध्या मैलामागं किती डबे, किती कानशी, किती रात्री गेल्या हे त्यानं घरात बघितलं होतं. शिवाय आई आणि भावंडांनी त्याची काय किंमत दिली हेही बघितलं होतं. तो अर्धा मैल घरातून गेलेला होता.

आपल्या गावात असे अर्धे मैल किती पडलेत बघा. हुपरीचे पैंजण देशभरच्या बायकांच्या पायात आहेत. पण पहिल्यांदा अमुक डाय कुणी पाडली, अमुक घुंगराची जोडणी कुणी काढली, रेण कमी लागावं म्हणून कुणी डोकं चालवलं, हे विचारायला गेलं तर म्हातारे कारागीर दोन-चार नावं घेतात आणि गप्प होतात. कुठं लिहिलेलं नाही. डिझाईन आज निघालं की आठ दिवसांत चार गल्ल्यांत होतं, आणि काढणाऱ्याचं नाव त्याच्या गल्लीतही राहत नाही. बर्टच्या बाबतीत निदान वेळ मोजणारं यंत्र होतं आणि कागद होता. कागद चुकला, पण होता म्हणून तर सुधारता आला.

आपल्या हुपरी भागात आता गो-कार्टचा ट्रॅक झालाय, कोल्हापूरची पोरं मोटार रेसिंगमध्ये परदेशापर्यंत गेलीत. त्यांना हेल्मेट आहे, सूट आहे, शिकवणारा आहे. चांगलं आहे. रस्त्यावर रील काढणाऱ्यांपेक्षा हजार पटीनं चांगलं. बर्टही शेवटी वेग मारायला मोकळ्या वाळूवर आणि मिठावर गेला, एस. टी. स्टँडसमोर नाही.

2017 साली, विक्रमाला 50 वर्षं झाली म्हणून, बर्टच्या नात्यातला ली मन्रो हा तरुण नवी इंडियन स्काउट घेऊन त्याच मिठावर गेला. यावेळी गाडीमागं खुद्द कंपनी उभी होती, कंपनीतलेच इंजिनिअर, कंपनीचाच पैसा. तो ताशी 191 मैलांच्या पुढं पळाला. म्हाताऱ्याच्या एका दिशेच्या 190 पेक्षा थोडा जास्त. मधे 50 वर्षं गेली होती.

बर्टची जुनी गाडी आजही इनव्हरकारगिलमध्ये त्या हेस यांच्या दुकानात ठेवलेली आहे. म्युझियमचं वेगळं दालन वगैरे नाही, चालू हार्डवेअरचं दुकान आहे ते. लोक नटबोल्ट, रंगाचे डबे, पाईपचे तुकडे घ्यायला येतात, आणि जाता जाता गाडीपाशी जरा थांबतात.